तिसाव्या दिवसाचा रकाना

ती बाई आमच्या विभागात आली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. दारातच उभं राहून तिने कन्नडमध्ये विचारलं, "मेसेज पाठवतात ते इथूनच का?"

चाळिशीची असेल. बन्नूरहून सकाळच्या बसने आली होती आणि खालच्या चौकशीच्या खिडकीपासून तीन ठिकाणी फिरवून शेवटी तिला आमच्याकडे धाडलं होतं. हातातला मोबाइल मुलीचा होता. त्यावरचा मेसेज तिने माझ्यासमोर धरला. 'आपली वार्षिक तपासणी बाकी आहे. आपल्या आरोग्याची आम्हांला काळजी आहे.' वर तिच्या नवऱ्याचं नाव.

"ते वारले," ती म्हणाली. "ऑपरेशन करून घरी आणलं आणि आठवडाभरात गेले. तीन वर्षं झाली. दर थोड्या महिन्यांनी हे येतं. पोरगी वाचते आणि ताटावरून उठते. तेवढं नाव काढून टाका, अम्मा. मला दुसरं काही नको."

मी म्हैसूरच्या एका खासगी इस्पितळात संख्याशास्त्राचं काम करते. डॉक्टरांनी केलेल्या ऑपरेशनांचे आकडे गोळा करायचे, तपासायचे, त्यातून काय निघतं ते लिहायचं. मेसेज पाठवणं हे माझं काम नव्हे, पण तिला चौथ्या ठिकाणी पाठवणं मला जमेना. मी नोंद उघडली. संगणकाच्या लेखी तो माणूस हयात होता. मी 'मृत' असं केलं, मेसेज बंद केले आणि तिला सांगितलं. तिने हात जोडले. मी पाणी दिलं, ते उभ्याउभ्याच पिऊन ती गेली.

ती गेल्यावर माझं लक्ष ऑपरेशनच्या तारखेकडे गेलं. आतड्याचा कॅन्सर. दुर्बिणीतून ऑपरेशन. पाचव्या दिवशी डिस्चार्ज. मग मी माझी स्वतःची जुनी फाइल उघडली, आणि तो तिथे होता. तिसाव्या दिवशी काय झालं या रकान्यात त्याच्यापुढे लिहिलं होतं: गुंतागुंत नाही. ते मीच भरलेलं होतं.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आमच्या इस्पितळातले एक सर्जन पूर्वी पोट उघडून आतड्याचं ऑपरेशन करत. चांगली वीतभर चीर, दोन आठवडे वॉर्डात. मग ते दुर्बिणीची पद्धत शिकून आले. चार बारीक छेद, आतला कॅन्सरचा भाग कापायचा, दोन टोकं जोडायची आणि पाचव्या दिवशी माणूस घरी. त्यांना दोन्ही पद्धतींची तुलना करायची होती. हात हलका, स्वभाव सरळ; आकडे मनासारखे आले नाहीत म्हणून कधी माझ्यावर दबाव आणला असं झालं नाही. त्यांनी फायली दिल्या आणि म्हणाले, "मॅडम, जे असेल ते सांगा."

तिसाव्या दिवशी रुग्णाने तपासणीला यायचं, असं ठरलं होतं. जुन्या पद्धतीचे जवळजवळ सगळे आले. नव्या पद्धतीचे नऊ जण आले नाहीत. नऊ रिकाम्या ओळी.

अशा रिकाम्या जागा भरण्याची नवी पद्धत मी नुकतीच शिकले होते आणि खरं सांगायचं तर तिच्या प्रेमात होते. जे आले त्यांचं वय, रक्तदाब, साखर, आजार किती पुढे गेला होता, हे सगळं मॉडेलला द्यायचं. न आलेल्यांचं काय झालं असेल याचा अंदाज ते बांधतं. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. माणूस न येण्याचा त्याच्या प्रकृतीशी संबंध नाही, ही. ते गृहीतक मला ठाऊक होतं. पेपरात मी ते एका वाक्यात लिहिलंही होतं.

चामराजपुरममध्ये आमच्या विभागातले जुने काका राहत. मी नोकरीला लागले तेव्हा रेकॉर्ड त्यांच्या हाताखाली होतं. शिंपीकाम करणाऱ्या मराठी घरातले, माझ्याशी नेहमी आमच्या इकडच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत बोलायचे. त्यांच्या काळात जो रुग्ण परत येत नसे त्याला ते पोस्टकार्ड टाकत. उत्तर नाही आलं तर दुसरं. तरी नाही आलं तर त्या गावच्या बसच्या कंडक्टरजवळ निरोप देत. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हे काम मी हौसेने त्यांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं.

"हे नऊ जण कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"ते मॉडेलने भरलेत, काका."

"ते कळलं गं. पण आहेत कुठं? नोड, बघ, मी तर असं करायचो. जो आला नाही तो बिघडला असं धरायचं आणि मग बेरीज बघायची. तरीही पद्धत चांगली ठरली तर चांगली."

"तसं आता कोणी करत नाही, काका. फार कडक होतं ते."

"फोन तरी लावलास?"

मी हसले आणि विषय बदलला. फोन नंबर फाइलमध्येच होते. नऊ फोन. एका दुपारचं काम.

पेपर छापून आला. नव्या पद्धतीत गुंतागुंत कमी, रुग्ण लवकर घरी. सर्जनांचं कौतुक झालं, इस्पितळाने पाचव्या दिवशी डिस्चार्जचा नियमच केला. माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर होतं.

आता ती फाइल समोर ठेवून मी उरलेल्या आठ जणांना फोन लावायला बसले. डबा तसाच राहिला होता.

दोघं ठणठणीत होते. एक जण मुलाकडे केरळात गेला होता म्हणून आला नव्हता, दुसऱ्याला कंटाळा आला होता. एकाचा नंबर बंद होता, तो पुढेही कधी लागला नाही. बेट्टदपुरचा एक माणूस स्वतःच फोनवर आला. म्हणाला, घरी आल्यावर चौथ्या दिवशी पोट फुगलं, गावात गॅसचं इंजेक्शन दिलं, मग दुसऱ्या गावी नेऊन पोट उघडलं. तेव्हापासून पोटाला पिशवी लावलेली आहे. "तुमच्याकडे परत येण्याइतकी ताकदच नव्हती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. एका बाईचंही जवळपास तसंच झालं होतं. आणि तीन घरांत फोन उचलणाऱ्याने विचारलं, "ते वारले, तुम्हांला माहीत नाही?"

बन्नूरचा धरून चौघं गेले होते.

घरी गेल्यावर असा ताप येतो, पोट फुगतं, ते आतड्याचा जोड सुटल्याने. जोड सुटणं हे दोन्ही पद्धतींत होतं. जुन्या पद्धतीत तो सुटला तेव्हा रुग्ण वॉर्डात होता. नर्सने ताप पाहिला, रात्रपाळीच्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, लगेच पुन्हा ऑपरेशन झालं, माणूस बहुतेक वेळा वाचला, आणि आमच्या कागदावर त्याची गुंतागुंत म्हणून नोंद झाली. नव्या पद्धतीत तो सुटला तेव्हा माणूस घरी होता. तो आला नाही म्हणून कागद कोरा राहिला, आणि त्या कोऱ्या कागदावर मी 'गुंतागुंत नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी सर्जनांच्या खोलीत गेले आणि यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. बन्नूरच्या नावावर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्याचा जोड फार सुंदर झाला होता. त्याचा व्हिडिओ मी अजून विद्यार्थ्यांना दाखवतो."

मी बाकीच्या तीन नावांखाली रेघ ओढली.

"तुम्ही तेव्हाच फोन का नाही केलेत, मॅडम?"

"सुचलं नाही, सर. सुचलं होतं. गरज वाटली नाही."

त्यांनी यादीची घडी घातली. मग म्हणाले, "मीही नाही केला. लिहा जर्नलला. मी सही करतो."

आम्ही जर्नलला पत्र लिहिलं. कित्येक महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी एक शुद्धिपत्र आलं, चार ओळींचं. तिसऱ्या सारणीतले आकडे बदलले आहेत, दोन पद्धतींतला फरक आता निश्चितपणे सांगता येत नाही, लेखक दिलगीर आहेत. त्या चार ओळींत माणूस कुठेच नव्हता. सर्जनांनी स्वतःच्या रुग्णांना दहा दिवस ठेवायला सुरुवात केली, तर व्यवस्थापनाने त्यांना बोलावून घेतलं. खाटा अडकतात. दोन महिन्यांनी त्यांनाही पुन्हा पाचव्या दिवसावर यावं लागलं. फक्त डिस्चार्जच्या कागदावर 'ताप आल्यास संपर्क साधावा' अशी एक ओळ वाढली.

इस्पितळाच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालबाईंकडे मी गेले, आमचा पेपर कोणी कोणी आधाराला घेतलाय ते पाहायला. पूर्वी त्या नुसते आकडे मोजून द्यायच्या. आता त्यांच्याकडे नवं सॉफ्टवेअर होतं. तुमचा पेपर उद्धृत करणारा तुमच्या बाजूने बोलतोय की विरुद्ध, तेही ते रंगाने दाखवतं, बाजूने असेल तर हिरव्या. पडदा हिरवागार होता. शुद्धिपत्रानंतर लिहिलेले पेपरसुद्धा पहिल्याच पेपराचा हवाला देत होते. शुद्धिपत्राचा हवाला कोणीच दिला नव्हता. एका ठिकाणी तर 'रुग्णास पाचव्या दिवशी घरी पाठवणे सुरक्षित आहे' असं सरळ वाक्य, आणि त्याच्यापुढे आम्ही.

"इतका हिरवा फार कमी जणांचा असतो, मॅडम," ग्रंथपालबाई कौतुकाने म्हणाल्या.

त्या सगळ्या लेखकांना मी पत्रं लिहिली. एकाने उत्तर दिलं. आभार मानले होते, आणि लिहिलं होतं की आमचं छापून झालं आहे.

काका त्याआधीच गेले होते. त्यांना हे सांगावं लागणार नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याची लाज अजून आहे.

व्यवस्थापनाने मला सांगितलं होतं की रुग्णांच्या घरी परस्पर जायचं नाही. मी एका रविवारी बन्नूरला गेले. सर्जनांना सांगून गेले. ते येतो म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही.

घर उसाच्या शेताला लागून होतं. बाहेरच्या कट्ट्यावर तिची सासू बसली होती; ती तिला अत्ते म्हणायची. त्या बाईने मला ओळखलं, आत नेलं, चटई टाकली. मी सगळं सांगितलं. तिच्या नवऱ्याचा आतला जोड सुटला होता, तो इस्पितळात असता तर कदाचित वेळेवर कळलं असतं, आणि आमच्या कागदांत ते चुकीचं लिहिलं गेलं, लिहिणारी मी. ती ऐकत होती. मग तिने एकच गोष्ट विचारली.

"म्हणजे मुद्द्याने नाही झालं?"

मला कळलं नाही. ती सांगू लागली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याने नाचणीचा मुद्दा, शिजवलेल्या पिठाचा गोळा, मागितला. कागदावर मऊ जेवण लिहिलं होतं. मुद्दा मऊच असतो, म्हणून तिने अर्धा मुद्दा सारात बुडवून भरवला. त्याच संध्याकाळी ताप चढला. तेव्हापासून घरात सगळे म्हणतात की तिने खायला घालून मारलं. "अत्ते माझ्या हातचं जेवत नाहीत. त्यांचं ताट जावेकडून येतं. इतकी वर्षं."

मी तिथूनच सर्जनांना फोन लावला. "सर, अर्धा रागीमुद्दा खाल्ल्याने जोड सुटतो का?"

"नाही. कोण म्हणतं?"

"त्याची आई. तुम्ही बोलाल?"

ते बोलले. मी फोन सासूच्या कानाला धरला होता. त्यांनी तिला कन्नडमध्ये, अम्मा म्हणून, सावकाश समजावलं. सुनेची काही चूक नाही, चूक झाली असेल तर ती आमची. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग फोन बाजूला सारून मला म्हणाली, "ते डॉक्टर आहेत, शिकलेले. ते सांगतील तसं. पण घास कोणी भरवला ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

ती बाई मला बसपर्यंत सोडायला आली. थांब्यावर आल्यावर म्हणाली, "चौथ्या दिवशी मीच डॉक्टरांच्या मागे लागले होते. घरी कधी सोडता, घरी कधी सोडता. मुलगी एकटी होती घरात."

"तुम्ही विचारलं नसतं तरी पाचव्या दिवशी सोडणारच होते," मी म्हणाले. "त्या ऑपरेशनानंतर सगळ्यांनाच सोडत."

"असेल," ती म्हणाली. "पण मी विचारलं होतं ना."

बस आली. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने माझी पिशवी उचलून आत ठेवली आणि खाली उतरली.

पुढच्या वर्षी तिच्या मुलीचा फोन आला. आजी गेली म्हणून सांगायला. शेवटी तरी ती आईच्या हातचं जेवली का, हे विचारावं की नाही अशा विचारात मी होते, तर तिने आपणहूनच सांगितलं. शेवटचे पंधरा दिवस आजी अंथरुणावरच होती, आईच तिला उठवायची, धुवायची, कूस बदलायची. जेवण मात्र काकीच्या घरून आलं तरच ती तोंड उघडायची.