टाकीखालचं गवत

रोज सकाळी, चहाचा घोट तोंडात जायच्या आधी, आत्या मेंढ्यांच्या वाडग्यात शिरायची. एकेका मेंढीचं डोकं काखेत दाबून अंगठ्याने तिची खालची पापणी ओढायची. आतली कड लाल दिसली की मेंढीला ढकलून द्यायची. फिकी दिसली की शिवी हासडायची. ती शिवी मेंढीला नसायची. अंगणात दात घासत उभ्या असलेल्या पुतण्याला असायची.

"ही चौथी. अंगात रक्त म्हणून उरलं नाही. ने अजून त्या दलदलीत!"

"आत्या, कुंपण घालून आठ महिने झाले. तिकडे एक शेपूट गेलेलं नाही."

"चोराच्या उलट्या बोंबा."

त्याची बायको एकदा मध्ये पडली. "आत्याबाई, माझेही डोळे बघा. सकाळपासून पांढरे झालेत."

"याच्याकडे बघून झाले असतील." आत्या तेवढ्यापुरती हसली. तो हसला नाही.

तिचं चुकत होतं असंही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात माळ करपला, तेव्हा त्यानेच कळप खालच्या दलदलीत नेला होता. हिरवं दिसलं, नेला. मग एकेकीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली. बेचाळीस मेंढ्यांच्या एकतीस झाल्या.

आई-बापामागे आत्यानेच त्याला वाढवलं होतं, आणि कळपालाही. शाळेत ती गेली नव्हती, पण मेंढीचं दुखणं तिला मुळापासून ठाऊक. वाडग्यातलं ओलं शेण उपसलं नाही की खूर कुजतात. दाण्याचं पोतं उघडं राहिलं की सगळ्यात गुटगुटीत कोकरूच आधी जातं. काल उड्या मारणारं आज ताठ. 'नशीब' हा शब्द कोणी काढला तर ती खवळायची. "दुखणं चालत येतं. त्याची पावलं शोधायचा कंटाळा आला की माणूस नशीब म्हणतो."

अंगणात पाण्याची टाकी होती. तिचा नळ वर्षानुवर्षं ठिबकायचा, आणि त्याखाली चार हात जागेत बारमाही लुसलुशीत गवत. नळ बदलू का, असं पुतण्याने तीनदा विचारलं होतं.

"हात लावू नकोस. ते आजाऱ्यांचं गवत आहे."

जी मेंढी अशक्त होई तिला आत्या तिथे बांधायची. कोकरू किरकिरं निघालं तर तेही तिथेच. बाकीच्यांना तिथे तोंड घालायची परवानगी नव्हती.

मग एक कोकरू मेलं, सहा महिन्यांचं. जनावरांच्या डॉक्टरने ते अंगणातच फाडलं आणि यकृत सुरीच्या टोकाने उघडून दाखवलं. त्यात कोवळ्या पानांसारखे चपटे किडे वळवळत होते.

"याला दलदलीत कधी नेलं होतं?"

"नेईल कसा?" पुतण्या म्हणाला. "कुंपणानंतर जन्मलंय. अंगणाबाहेर पाऊल नाही टाकलं त्याने."

डॉक्टरने इकडेतिकडे पाहिलं. उठून टाकीपाशी गेला, गवत बाजूला सारलं आणि तळहातावर चारदोन गोगलगायी घेऊन परत आला, तांदळाएवढ्या.

"किड्याची अंडी लेंड्यांतून पडतात. ओल मिळाली की पिल्लं या गोगलगायीत शिरून वाढतात, मग बाहेर पडून गवताच्या पात्याला चिकटतात. आजारी मेंढ्या बांधता कुठे?"

टाकीखालच्या खुंट्याला एक मेंढी बांधलेली होती. ती चरत होती.

आठ महिन्यांचे टोमणे पुतण्याच्या घशाशी आले. "बोल ना आता! रोज सकाळी माझा उद्धार करत होतीस. आणि विष कुठे होतं? तुझ्या लाडक्या गवतात! निवडून निवडून चारलंस!"

आत्याने मेंढी सोडली. फावडं उचललं आणि टाकीखालची जमीन खणायला लागली. प्रत्येक घावाबरोबर दातांतून काहीतरी बाहेर पडत होतं. पहिल्यांदाच ते त्याच्यासाठी नव्हतं. घाव उथळ पडायला लागलेले त्याला दिसले. फावडं घ्यावं असं वाटलं. घेतलं नाही. तो राग त्याला पुरवून पुरवून वापरायचा होता.

दुसऱ्या दिवशी नळ बदलला, गवताच्या जागी खडी पडली. डॉक्टरने प्रत्येक मेंढीचं वजन करून औषध पाजलं. चार गेल्या, सत्तावीस टिकल्या.

आत्या पापण्या ओढतच राहिली, पण मुकाट्याने. पुढची दोन वर्षं वाडग्यातून एक शिवी ऐकू आली नाही. पुतण्या दात घासत उभा राहायचा आणि त्या शांततेने त्याचं डोकं फिरायचं. 'एकदा ओरड की,' असं तिला सांगावं असं शंभरदा मनात आलं.

त्या सकाळी ती नेहमीसारखी वाडग्यातून बाहेर आली, पायरीवर बसली, सुनेच्या हातून चहा घेतला. तो तिचा शेवटचा चहा, आणि तोही ती पुरता पिणार नव्हती, हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? तिने टाकीकडे पाहिलं, मग पुतण्याकडे.

"तो नळ परत गळतोय. डोळे काय उसने दिलेत कोणाला?"