साक्षीदाराची सही

आमच्या शेजारचे फ्यूज मास्तर एका प्रशिक्षण केंद्रात वायरिंग शिकवतात. हे नाव मीच ठेवलं, कारण ते जरा तापले की उडतात. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी परदेशात. घरातून चकार शब्द ऐकू यायचा नाही. साथीमुळे सगळं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि एके दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला, "तोंड नको, हात दाखव!" आता कान लावणं हा शेजारणीचा हक्कच की नाही?

तिसऱ्या दिवशी मास्तरच दाराशी आले. नाकावर मास्क, हातात रजिस्टर.

"वहिनी, साक्षीदार व्हाल का?"

"लग्नाला की कोर्टात?"

हसले नाहीत. बारा मुलामुलींच्या घरी त्यांनी लाकडी बोर्ड, वायर आणि बटणं पोचवली होती. एकेक जण मोबाइलसमोर जोडणी करायचा, मास्तर इकडून बघायचे. मान्यता देणाऱ्या कार्यालयाला हे चालणार होतं, पण अटीवर. महिनाअखेर प्रत्येकाचे दहा तास भरायचे आणि प्रत्येक तास केंद्राबाहेरच्या माणसानं स्वतः बघून सही करायची. एक जरी तास कमी पडला तर सगळ्यांची परीक्षा बुडणार, केंद्राची मान्यताही जाणार.

"द्या, महिन्याच्या सह्या आत्ताच ठोकते," मी म्हटलं. मास्तरांनी रजिस्टर असं मागे ओढलं, जणू मी त्यावर शाई सांडत होते.

मग काय, रोज दुपारी चार तास ते त्यांच्या गॅलरीत, मी माझ्या. मधे कठडा, कठड्यावर मोबाइल. जिन्याचा दिवा वरून-खालून कसा लावतात ते मला पाठ झालं. एक मुलगी होती, सदा केस तोंडावर. मी तिला झिपरी म्हणायची. मास्तर ओरडायचे, "केस बांध, पक्कडीत येतील!" तास संपला की ते मोबाइलचा काळा पडदा बघत बसायचे.

"मास्तर, गेली ती."

"हो, गेली," म्हणायचे, पण मोबाइल खाली ठेवायचे नाहीत.

झिपरीच्या शेवटच्या तासाला माझा डोळा लागला. जागी झाले आणि सही करायला पेन पुढे केलं.

"मला ऐकू येत होतं सगळं," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही घोरत होता."

ओळ कोरी राहिली. झिपरीच्या घरी मोबाइल एकच, आणि वडील कामावर जाऊ लागले तसे तो घेऊन जायचे, ते रात्री उशिरा परतायचे. पुन्हा तास जमेना. महिनाअखेरच्या संध्याकाळी त्या कार्यालयातल्या तपासनीस साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. मास्तरांनी गॅलरीतच पानामागून पान दाखवलं.

"ही सही कुठंय?"

"साक्षीदार झोपल्या होत्या, साहेब."

मी कठड्याखाली वाकले.

"करून घेता आली असती."

"आली असती," मास्तर म्हणाले.

साहेब म्हणाले, "मुलीला आत्ता बोलवा. मी बघतो."

नशिबानं वडील त्या दिवशी लवकर घरी आले होते. झिपरीनं केस करकचून बांधले आणि तासभर जोडणी केली. सेलवरचा छोटा दिवा एका बटणानं लागला, दुसऱ्यानं विझला. साहेबांनी आपलं नाव साक्षीदाराच्या रकान्यात लिहायला सांगितलं आणि मान्यता कायम असल्याचं सांगून फोन ठेवला. मी टाळ्या पिटल्या. समोरच्या इमारतीतून कोणीतरी डोकावून गेलं.

"उद्या कोण?" मी सवयीनं विचारलं.

"उद्या कोणीच नाही. सगळ्यांचे भरले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर गॅलरीत येऊन बसले. रजिस्टर नव्हतं. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाले, "वहिनी, तुमच्या बैठकीतलं बटण ढिलं झालंय म्हणत होतात ना?"

असं मी कधीच म्हटलं नव्हतं. बटण चांगलं घट्ट होतं.

"फारच ढिलं झालंय हो," मी म्हटलं, "या की, बघा जरा."