तिचं अबोल्याचं कार्ड

नवीन शाईची बाटली उघडली की मावशी आधी वास घ्यायची.

बोथट झालेलं ब्लेड कागदात गुंडाळून वर ‘मेलं’ असं लिहायची आणि मगच टाकायची.

फोनवर बोलताना मोकळ्या हाताने हवेत ठिपके मारायची.

कुणी तिच्या एखाद्या कार्डाची स्तुती केली की ‘बरं आहे’ म्हणायची. ते माणूस गेलं की तेच कार्ड दिव्याखाली धरून स्वतःच बघत बसायची.

मावशी माझी सख्खी मावशी नव्हती. मी शेजारच्या खोलीत राहायला आले, तेव्हा नुकतीच साहित्याची पदवी घेतली होती आणि काम नव्हतं. तिने दारातून विचारलं, “अगं, काय शिकलीस?” मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे बसून वाचायचं. मग इथे बसून वाच. मला सोबत होईल.” तेव्हापासून मी तिथेच असायचे.

तिच्या खिडकीखाली मोठं टेबल होतं आणि त्यावर काचेचा तुकडा. काचेवर ती जाड कागदात अक्षरं कोरायची. त्या भोकांतून खालच्या कार्डावर स्पंजने शाई टिपायची. शाई वाळली की वरून चकाकी देणारं ग्लेझ. ओली कार्डं चिमट्यांना लावून दोरीवर टांगलेली असत. त्यांच्याखालून वाकूनच जावं लागे.

वाढदिवसाची कार्डं ती करायचीच. पण तिचा खरा अभिमान वेगळा होता. अबोल्याचं कार्ड. भांडून बोलणं बंद केलेल्या माणसांसाठी. वर एकच शब्द, ‘बोल’. आत कोरं. “असं कार्ड कुठल्या दुकानात मिळतं का, विचारून ये,” ती म्हणायची. मी खरंच विचारून आले. मिळत नव्हतं.

एकदा एका नवराबायकोने ते एकाच दिवशी नेलं. तो सकाळी, ती दुपारी. मावशीने दोघांनाही चकार शब्द सांगितला नाही. हसू दाबून तिचे डोळे पाणावले होते.

‘बोल’ कोरणं अवघड. ‘ब’ नुसता कोरला तर त्याचं पोट सुटून खाली पडतं. म्हणून पोटाला धरून ठेवणारी एक बारीक पट्टी राखायची. मावशी तिला नाळ म्हणायची. छापल्यावर तिथे अक्षरात पांढरी फट राहते. इतर लोक ती ब्रशने बुजवतात. मावशी बुजवत नसे. माझा पहिला ‘ब’ मी नाळेशिवाय कोरला. छापला तर काळा गोळा.

“बाई गं,” ती म्हणाली, “याने गोटा गिळलाय.”

तिची थोरली बहीण वरच्याच मजल्यावर राहायची. कपडे शिवायची. तिच्या मशीनचा आवाज खाली यायचा. मावशी मान वर न करता सांगायची, “आज जाड कापड आहे. सुई मोडणार.” पण दोघींचा अबोला होता. पाहुण्यांसमोर थोरली म्हणाली होती, “हिचं काय, रंगात बोटं बुडवून बसते.” तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आल्या तरी दोघी कठड्याकडे बघत.

“तुम्हीच आधी बोला ना,” मी एकदा म्हटलं.

“मी का? बोटं माझी बुडालीत. जीभ तिची घसरली.”

मग एक दिवस तो नवरा पेढ्यांशिवाय, नुसताच आभार मानायला आला. जाताना छताकडे बोट करून म्हणाला, “आमचा अबोला सुटला. तुमचं काय?”

“तुमचं झालं ना? मग निघा आता.”

तो गेला. मावशी बराच वेळ काच पुसत राहिली. स्वच्छच होती ती.

दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद घेतला. मी म्हटलं, ‘बोल’ची कार्डं पडलीत की.

“सगळ्या गावाला देते ते तिला देऊ? लगेच म्हणेल, उरलेलं दिलं.”

तिने ‘ताई’ कोरलं. कोरून झाल्यावर कागद उजेडात धरला आणि मोठ्याने हसली.

“बघ गं. त ला पोट नाही, ई ला पोट नाही. एकही नाळ लागली नाही. इतकी वर्षं हाक मारली, पण कळलं आत्ता.”

निळी शाई तिने तीन वेळा टिपली. कुठेही फट नाही. असं अखंड अक्षर तिच्या हातून उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. “आज देतेच,” ती म्हणाली. “ग्लेझ वाळलं की लगेच वर जाते. काय बोलेल ते बोलेल.” ग्लेझचा हात एका दमात ओढावा लागतो. मध्ये थांबलं की कड राहते. म्हणून तिने मला गप्प बसायला सांगितलं. मला गप्प बसवेना, तर दूध आणायला पाठवलं.

परत आले तेव्हा तिचं डोकं टेबलावर टेकलेलं होतं. मला वाटलं, चकाकी बघतेय. ती तशीच बघायची, गाल काचेला लावून.

मी पिशवी ठेवली. दूध तापवायला घेतलं. मग हाक मारली, खांदा हलवला. श्वास नव्हता.

वरचं मशीन थांबलं ते माझ्या ओरडण्याने. थोरली अनवाणी आली. आधी बहिणीजवळ बसली, बराच वेळ. मग तिला कार्ड दिसलं.

“हे कुणाचं?”

“तुमचं. आज वर येणार होत्या.”

तिने ते दोन्ही कडांनी उचललं. शेजारी जमले होते. ती त्यांना म्हणाली, “माझ्या बहिणीने केलंय. एकटीच्या हाताने करते सगळं. बघा.” प्रत्येकाला दाखवलं, पण हातात कुणाच्या दिलं नाही.

नंतर मी विचारलं, कार्डावरचं अर्धं राहिलेलं ग्लेझ मी लावू का. मला येतं.

“खबरदार,” थोरली म्हणाली. “तिचं काम आहे ते.”

कार्ड आता वर तिच्या मशीनजवळ आहे. ‘ता’ चकाकतो. मग एक कड आहे, नखाला लागते. त्यापुढचा ‘ई’ कोरडाच आहे.