पेडगावनं दुसऱ्यांदा दिलेलं रक्त

मुंजाजीमामांच्या हातात कुठलीही बाटली आली की ते ती आधी दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करत आणि मगच खाली ठेवत. मग ती औषधाची असो, शाईची असो, नाहीतर घरच्या गोडेतेलाची. मामी वैतागत. "आवो, ही रगताची न्हाई, तेलाची हाय." मामा निमूटपणे बाटली ठेवून देत, पण दहा पुरे केल्याशिवाय नाही.

परभणीच्या एका दवाखान्यात ते रक्त तपासायचं काम करत. ऐंशीचं दशक सरता सरता पुण्याच्या एका संस्थेनं रक्ताच्या आनुवंशिक आजारांची मोठी पाहणी काढली. कितीतरी जिल्ह्यांतल्या गावोगावच्या माणसांचं रक्त गोळा करायचं आणि पुण्यात त्यातून डीएनए काढायचा. परभणीच्या केंद्रावर आम्ही दोघंच. एक मामा आणि दुसरी मी, नुकतीच बी.एस्सी. झालेली मास्तरांची मुलगी. माझ्या डोक्यात तेव्हा भलतीच हवा होती.

मामांनी ती पहिल्याच दिवशी काढली. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून नळीत तळाशी औषध असतं. ते नीट मिसळावं म्हणून मी नळी खसाखसा हलवली. मामांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "ताई, हिसका देऊ नका. रगत लय नाजूक. पेशी फुटल्या तर पुण्यात काय, काशीत गेलं तरी धागा घावणार न्हाई." प्रशिक्षणाला पुण्याला गेले असताना त्यांनी स्पिरिटमध्ये तरंगणारा डीएनएचा पांढरा गुंता एकदा पाहिला होता. तेव्हापासून ते त्याला धागाच म्हणत. गावात कोणी विचारलं की सांगत, "तुमच्या आज्याचं नाक त्या धाग्यात हाय. तुमच्या नातवाचं बी."

त्यांची एक वही होती. रक्त किती वाजता काढलं, उन्हात किती वेळ राहिलं, बर्फाच्या पेटीत कधी ठेवलं, सगळं त्यात लिहिलेलं असे. पुण्यानं असं काही मागितलं नव्हतं. "मागितलं न्हाई म्हणून लिवायचं न्हाई का?" असं ते म्हणत. मला ती वही म्हणजे म्हातारपणाचा चाळा वाटे.

मग पेडगाव आलं. मे महिना होता. दिवसभर बसून आम्ही चाळीसेक माणसांचं रक्त घेतलं. संध्याकाळी मामा गावातच थांबले आणि मी पेटी घेऊन परभणीला आले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, गाड्या चालणार नव्हत्या. पेटी आणखी एक दिवस अडकणार आणि बर्फ तर निम्मा वितळलेला. मला घरचं पॉट आइस्क्रीम आठवलं. बर्फावर मीठ टाकलं की गारवा कसा वाढतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. नवा बर्फ आणून मी त्यावर दोन मुठी खडेमीठ पसरलं. काय हुशारी केली, असं मनाशी म्हणत शांत झोपलेही.

तीन आठवड्यांनी पुण्याहून पत्र आलं, सोबत रिकामी पेटी. पेडगावच्या नळ्यांतल्या रक्ताचा बर्फ होऊन पेशी फुटल्या होत्या, त्यातून डीएनए जवळपास मिळालाच नव्हता. असाच निष्काळजीपणा चालणार असेल तर परभणी केंद्र बंद करू, असं लिहिलं होतं. मामांनी वही काढली. वेळा सगळ्या ठीक. मग त्यांनी पेटी उजेडात धरली. आत कोपऱ्यात पांढरी खपली वाळलेली होती. त्यांनी ती बोटावर घेऊन जिभेला लावली.

"खारट हाय," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मला रडूच फुटलं. मिठानं बर्फाचा गारवा इतका वाढला होता की रक्ताचाच बर्फ झाला होता. नोकरी गेली असं मी धरूनच चालले. मामा रागावले नाहीत. वहीत पेडगावच्या पानावर त्यांनी लिहिलं, 'बर्फात मीठ टाकले. चूक केंद्राची.' तेच पुण्याला कळवलं आणि एक संधी मागितली. मग म्हणाले, "चला पेडगावला. परत मागायचंय."

शाळेच्या पडवीत माणसं जमली. मामांनी पाल्हाळ लावला नाही. "तुमी दिलेलं रगत आमी नासवलं. परत द्या म्हणायला आलोय."

"आमचं रगत म्हंजी काय नळाचं पानी हाय का?" एक शेतकरी उठून उभा राहिला. "माझ्या बायकोला चार दिस चक्कर येत व्हती."

"न्हाई. म्हणूनच पाया पडायला आलो," मामा म्हणाले. "जिम्मेदारी माझी व्हती."

मला ते ऐकवेना. मी उभी राहिले. "मीठ मी टाकलं. मामा तिथं नव्हते."

काही माणसं उठून चालू लागली. तेवढ्यात गयाबाई नावाची एक म्हातारी पुढं सरकली आणि तिनं माझ्यापुढं हात पसरला. "औषध चुकलं, बी चुकलं, कोन येतंय सांगायला? हे आलेत. घे बाई, पर आता नीट घे." गेलेल्यांतले बरेच जण मागे फिरले.

या खेपेला मामांनी बर्फाला हातच लावू दिला नाही. गावातून एक मोठा माठ आणला, त्याला ओलं पोतं गुंडाळलं आणि आत सुक्या डब्यात नळ्या ठेवल्या. जीपमध्ये तो माठ मांडीत धरून ते परभणीच्या स्टेशनापर्यंत आले. त्याच रात्रीच्या गाडीनं स्वतः पुण्याला गेले.

पुण्याचं पत्र यायला महिना लागला. त्या हंगामात सगळ्या केंद्रांत पेडगावचाच डीएनए सर्वांत जास्त आणि सर्वांत अखंड निघाला होता. माठाची रीत लिहून पाठवा, बाकीच्या केंद्रांना कळवायची आहे, अशी विनंती होती. मामांनी पहिली ओळ मिठाची लिहिली, मग माठाची. मी म्हटलं, मीठ कशाला? "दुसरं कोणी टाकू नये म्हणून."

पुढे मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मुलाखतीला गेले. मोठ्या पाहणीत रक्त कशानं बिघडतं, असं विचारलं. मी बिनदिक्कत मिठाची गोष्ट सांगितली, माठाचीही. नोकरी मिळाली. पेढे घेऊन मामांकडे गेले. तोवर ते निवृत्त झाले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आन पेडगावच्यांनी दुसऱ्यांदा दिलं, ते सांगितलं का?"

मी नाही म्हटलं.

"मग काय सांगितलं तुमी? माठात काय मी पानी नेलं व्हतं?"

मी इतकी शरमले की पेढ्यांचा पुडा हातातच राहिला. मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी मीठ सांगते, माठ सांगते, आणि पडवीत पहिला हात पुढं करणाऱ्या गयाबाईचं नाव त्याच्या वहीत लिहून घ्यायला लावते.