अकोल्याचं दार, अमरावतीचा टीव्ही

आमच्या बाबांचे फोटो फार नाहीत. गल्लीत पहिला व्हिडिओ कॅमेरा त्यांनीच घेतला आणि एकदा हातात आल्यावर तो दुसऱ्या कुणाला दिलाच नाही. त्यामुळे लग्नं, बारशी, सहली, सगळीकडे आम्ही आहोत आणि बाबा फक्त आवाजात आहेत. "इकडं पाहा." "जरा सरका." "बोल ना काही, मुकी झाली काय?" हे शेवटचं नेहमी आईला.

ते गेल्यावर मी सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरी, टीव्हीच्या कपाटात, एक लहानसा सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे कायम चालू असलेला एक संगणक, त्यातले व्हिडिओ घरच्या टीव्हीवर लागतात. आई त्याला डबा म्हणते. देवापाशी दिवा लावून झाला की ती डबा लावते. पाहते कमी, ऐकते जास्त. कधीकधी तर टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत बसते.

मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. अमरावतीत, माझ्या घराजवळच्या दवाखान्यात, आणि नंतर काही महिने मुक्काम माझ्याकडे. भिंत धरल्याशिवाय तिला चालता येत नव्हतं, मोर्णा नदीच्या पुलावरून पायी जाणं तर कधीच सुटलं होतं. तरी ती हो म्हणेना. आधी उन्हाचं कारण झालं, मग लोणच्याचं. शेवटी मी चिडले तेव्हा तिने खरं ते सांगितलं.

"तुझ्या घरी मले करमत नाई असं नाई. पण तिथं तुझे बाबा बोलत नाईत."

डबाच सोबत नेऊ म्हटलं, तर रस्त्यात आदळला म्हणजे, ही भीती. पेनड्राइव्हवर थोडं उतरवून देते म्हटलं, तर म्हणाली, "कोणतं सोडतं मंग?"

म्हणजे डबा अकोल्यात आणि आवाज अमरावतीत, असं काहीतरी करणं आलं. माझ्या नवऱ्याच्या मते हे पाच मिनिटांचं काम होतं. त्याने अकोल्याच्या राउटरमध्ये एक पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून दिला आणि आमच्या टीव्हीवर चित्र आलंसुद्धा. तो खूश. मी दुसऱ्या दिवशी सर्व्हरची नोंद उघडून पाहिली, तर इंटरनेटवरचे कुठले कुठले अनोळखी पत्ते पासवर्ड लावून लावून पाहत होते. आत कुणी शिरलं नव्हतं, पण दार एकसारखं वाजत होतं.

"कोण पाहाले बसलं वो तुझ्या आईची सहल?" नवरा म्हणाला.

मी कॉलेजात संगणक शिकवते आणि कुलपांच्या बाबतीत घरात माझी थट्टा होते. होऊ दे. माझी आई पदर खोचून स्वयंपाकघरात हसते आहे आणि कुणी परका ते बघतो आहे, ही कल्पनाच मला सहन होईना. मी तो पोर्ट त्याच दिवशी बंद केला. व्हीपीएन बसवलं, म्हणजे आमच्या दोन घरांमधली खाजगी वाट. तिची डिजिटल किल्ली फक्त माझ्या फोनला आणि आमच्या टीव्हीला. बाकी जगाला ते घर दिसणारच नाही. अकोल्यात वीज जाते-येते, म्हणून ती आली की डब्याने आपोआप सुरू व्हावं, अशीही सोय केली. आठवडाभर रोज अमरावतीहून लावून पाहिलं. कुठे काही अडलं नाही.

मग मी आईला आणायला गेले. मी सामान गाडीत ठेवत होते, तिने सवयीने घर बंद केलं, दुसरी किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि आम्ही निघालो. संध्याकाळी ती आमच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. मी मोठ्या ऐटीत टीव्ही लावला.

काहीच नाही. नुसतं गोल गोल फिरणारं चक्र.

मी किल्ल्या तपासल्या, राउटर तपासला, इंटरनेट कंपनीचा उद्धार केला. कुणी आत शिरून सगळं पुसलं तर नसेल, असंही मनात आलं. शेवटी आई म्हणाली, "राहू दे बाई. परवाचं ऑपरेशन बी राहू दे. मी उद्या वापस जातो."

मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात नवऱ्याने सहज विचारलं, "आई, निघताना घरात काय काय बंद केलं तुम्ही?"

"गॅस. खिडक्या. अन् मेन स्विच," ती म्हणाली. "मेन बंद केल्याबिगर घर सोडू देत नव्हते ते."

इतक्या कुलपांमध्ये मला ही एक गोष्ट सुचली नव्हती. मी शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या आमचं दार उघडून आत गेल्याचं ऐकू आलं, मग खट्‌ असा आवाज. "चालू केला वो," त्या म्हणाल्या. "पंखा बी फिरून राहिला." आईच्या घराची खरी किल्ली त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते, आणि तिला पासवर्ड नाही.

थोड्या वेळाने टीव्हीवर यादी आली. आईने चिखलदऱ्याची सहल लावायला सांगितली, तिची आवडती. सुरुवातीला आमचंच दार दिसतं. तरुण आई कुलूप लावते आहे, मी तिचा पदर धरून उभी. हे मी कितीदा पाहिलं होतं, पण नेहमी पाहिलंच होतं, नीट ऐकलं नव्हतं. कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज आला, "मेन बंद केला काय वो?"

पडद्यावरची आई वैतागून मान हलवते. सोफ्यावरची आई टीव्हीला म्हणाली, "केला होता. तुमच्यासाठी पुन्हा चालू कराले लावला."

तिने डोळ्यांना पदर लावला, मग माझ्याकडे वळून विचारलं, "परवा उपाशीपोटीच जा लागते ना?"