बरणीतला वास

परदेशी गाड्या नव्याने येऊ लागल्या त्या दिवसांत तारनाक्याला आमच्या समोर राहणारे गृहस्थ कुकटपल्लीच्या एका कारखान्यात अंबाडीच्या दांड्यांतून निघणाऱ्या वाखापासून मोटारीच्या दारांची आतली पॅनेलं बनवत. अंबाडीचा पाला आमच्या ताटात आणि दांडे गाडीच्या दारात, असं माझी बायको म्हणे.

गाडी उन्हात तापली की पॅनेलला वास येता कामा नये, हा त्यांचा ध्यास. रविवारी ते पॅनेलचा तुकडा बरणीत घालून गच्चीवर तापवत आणि बरणी घरोघर फिरवत.

"भाऊसाहेब, एक ते सहा, आकडा बोला. एक म्हणजे वास नाही, सहा म्हणजे नाक गेलं."

एकदा मी म्हणालो, "साडेचार. ओल्या गोणपाटाचा चार. अर्धा तुमच्या लोणच्याचा, बरणी नीट धुतलेली नाही."

"बाकी सगळ्यांनी दोन म्हटलं."

"त्यांनी चहा तुमच्याकडे घेतला होता."

ते हसले नाहीत. दुसऱ्याच दिवशी नमुने मोटार कंपनीला जायचे होते आणि पास झाले तरच कारखान्याला काम मिळणार होतं. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला आणि माझ्याच फोनवरून कारखान्यात सांगितलं, "माल नक्को भेजो. वाख पूरा सूखा नहीं."

पुढच्या रविवारी ते कोरी बरणी घेऊन थेट माझ्याकडे आले. मला सर्दी झाली होती, तसं मी सांगितलं.

त्यांनी झाकण घट्ट केलं. "हौ, मग कंपनीला अजून दोन दिवस थांबायला सांगतो."