आटलेलं पाणी

उन्हाळ्यात घरातल्या प्रवाळांच्या काचेच्या टाकीतलं पाणी आटलं, की मी तेवढंच खारं पाणी वरून ओतायचो. पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं, हे दोन महिने माझ्या डोक्यातच आलं नाही. प्रवाळ पांढरे पडायला लागले, तेव्हा औरंगपुऱ्यातल्या शोभेच्या मासेवाल्याला घरी बोलावलं.

हा माणूस गिऱ्हाइकाकडं बघतच नाही. आधी टाकीपुढं उकिडवा बसतो आणि दवाखान्यात नातेवाइकाला बघायला आल्यासारखा काचेतून बघत राहतो. त्यानं क्षार मोजले, थोडं पाणी काढून फिल्टरचं गोडं पाणी घातलं. प्रवाळ वाढावेत म्हणून मी अंदाजानं टाकत होतो त्या आयोडीन-स्ट्रॉन्शियमच्या बाटल्या न विचारता पिशवीत भरल्या. "मोजल्याबिगर थेंबबी टाकायचा नाय, साहेब."

मग सगळ्यात पांढरा पडलेला प्रवाळ त्यानं डब्यात घेतला. "हा माझ्याकडं राहू द्या. इथं मरंल."

दारात चपला घालताना त्यानं विचारलं, "आमटी आटली की दरवेळी मीठबी घालता का?"

"स्वयंपाक बायको करते," मी म्हणालो.

"तरीच तुमी जिवंत हाव."